मिठबावची आयतवारची गोळी

मीरा, ईशान,

मिठबाव तुम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. आजोबांचं गाव म्हणून नाव ऐकलं आहे आणि मी पाठवलेल्या फोटोंतला समुद्र पाहिला आहे, एवढंच. तो समुद्र या वेळीही तिथेच होता, तसाच निळा, पण माझं त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. जानेवारीत जवळजवळ पंधरवडा तिथे राहून आले. ठाण्याला परतल्यावर आधी कपडे धुतले, औषधं जागेवर लावली, आणि मगच लिहायला बसले आहे. सगळं क्रमाने सांगते.

मी गेले शालूआजीसाठी. शालूआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वयनी. तिचा मुलगा प्रकाश गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे मिठबावच्या घरात ती एकटी असते. गेल्या गणपतीत चुलीवरून मोदकांचा टोप उतरवताना तिचं मनगट मोडलं. ती पडली नाही, कशावर आपटली नाही. नुसता टोप उचलला आणि हाड मोडलं.

डिसेंबरच्या शेवटी तिथल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "आजींची हाडं फार ठिसूळ झाली आहेत. वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन या खेपेला आमच्याकडे थोडंसं आलं आहे. त्यात त्यांचा नंबर पहिला. पण नंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, घरात एकटीला सोडता येणार नाही. कुणी येऊ शकेल का?" मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही. खुबा मोडला आणि घरात कुणी नसलं, तर त्या परत उठणार नाहीत."

प्रकाशला जानेवारीत रजा मिळत नाही, तेव्हाच गोव्यात सगळ्यांत जास्त पाहुणे असतात. म्हणून मी निघाले.

नांदगाव ते मिठबाव

गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. नांदगावला उतरले तेव्हा थंडी होती आणि फलाटावर माझ्याशिवाय दोन कुत्री होती. रिक्षावाल्याने बॅग मागे कोंबली आणि विचारलं, "मिठबावात कोणाकडे?"

मी शालूआजीचं पूर्ण नाव सांगितलं. त्याला कळेना. घराची खूण सांगितली, वाडी सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजे ती वाकलली शालूकाकी! मगे तसा सांगा ना."

लग्न होऊन मी पहिल्यांदा मिठबावला गेले तेव्हा घरात सगळ्यांत उंच शालूच होती. माळ्यावरची परडी ती नुसता हात वर करून काढायची. मला पाट घेऊन त्यावर चढावं लागायचं, आणि त्यावरून ती मला चिडवायची. आता गाव तिला तिच्या पाठीवरून ओळखतं.

रस्ता सड्यावरून जातो. काळा कातळ, त्यावर वाळलेलं पिवळं गवत, आणि मग एकाएकी आंब्याच्या बागा. कलमांना मोहोर आला होता, पण त्याचा वास काही आला नाही. बागांतून फवारणी चालू होती आणि औषधाचा उग्र वास रिक्षात शिरत होता. मी पदर नाकाला लावला. रिक्षावाला म्हणाला, "आमका सवय झाली."

शालूआजी खळ्यात उभी होती. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. माझा चेहरा पाहायला तिला मान तिरकी करून वर बघावं लागलं.

"वयनी, किती उंच झालंस गो तू!"

"मी आहे तेवढीच आहे, वन्सं."

"मगे मी खंय गेलंय?"

आम्ही दोघी हसलो.  मग तिने चहा टाकला. मला दुधाचा, स्वतःला कोरा. दूध पिशवीतून येतं आणि ते पाहुण्यासाठी असतं, असा त्या घरातला नियम आहे. मी ठाण्यात रोज सकाळी कपभर दूध पिते, हे तिला माहीत होतं. म्हणून माझ्यासाठी तिने दोन पिशव्या आणून ठेवल्या होत्या.

जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, सकाळी वाडीत ताजे पेडवे विकायला येतात. ते काट्यासकट खाल्ले तर हाडांना फार चांगले, असं डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगतात. पण यजमान गेल्यापासून शालूआजीने मासे सोडले आहेत. मी नाचणीचं विचारलं.

"नाचणी?" ती म्हणाली. "ती आता ठाण्याक गावता. हयसर कोण पेरता? माकडां ठेवतत काय?"

खरं आहे. मी ठाण्याला नाचणीची बिस्किटं विकत घेते.

वाडीतली माणसं

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज घेत होतो, तेवढ्यात तारा आली. तारा ही शालूआजीची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या, शालूआजी गावातल्याच आमच्या वाडीतून, आणि दोघी आता विधवा आहेत. ताराचा मुलगा सुरेश ट्रॉलरवर असतो, एकदा गेला की आठ-आठ दिवस समुद्रात. सून वैशाली काजूच्या कारखान्यात जाते, ती संध्याकाळी परतते. म्हणून दिवसभर तारा शालूआजीकडे किंवा शालूआजी ताराकडे. ताराची पाठ ताठ, तोंडात पान, आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीला ऐकू जावा.

कालच्या पिठीच्या भांड्यात डोकावून ती मला म्हणाली, "बघ गो वयनी. हिचो घोव गेलो सरगात. थंय तो बांगडे खाता आसतलो. आणि ही हयसर पिठी खाता."

"तुका काय करूचा आसा?" शालूआजी म्हणाली.

"माका काय? मी सांगतंय. वारो इलो की तू उडान जातलंस."

दोघींचं असं दिवसभर चालतं. मला आधी वाटलं भांडण आहे.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. ताराच्या दारात कुणीतरी शेवग्याच्या शेंगा ठेवून गेलं. तिने बसल्या जागी त्यांचे वाटे केले. एक शालूआजीला, एक समोरच्या घरी, एक विहिरीजवळच्या म्हातारीला. स्वतःसाठी सगळ्यांत बारीक शेंगा. ठाण्यात आमच्या मजल्यावर कोण काय शिजवतं ते मला माहीत नसतं. तिथे एखादी वस्तू घरात आली आणि शेजारी गेली नाही, असं होतच नाही. मासळीचा वाटा, फणसाचा वाटा, बारशाच्या घुगऱ्यांचासुद्धा वाटा. मला त्या दिवशी हे फार छान वाटलं होतं.

आरोग्य केंद्र

बुधवारी आम्ही केंद्रात गेलो. शालूआजीबरोबर तारा आणि वाडीतल्या आणखी दोघीही आल्या, कारण त्या दिवशी सगळ्यांचीच फेरतपासणी होती. रिक्षात कशा मावलो ते विचारू नका.

तपासणी टाचेची असते. वजनकाट्याएवढं एक यंत्र, त्यात पाय ठेवायचा, टाचेला थंडगार जेल लावतात आणि हाड किती भरीव आहे ते पडद्यावर येतं. मोठं, पूर्ण तपासणीचं यंत्र फार लांब आहे, तिथवर या बायका जात नाहीत. टाच दाखवायची म्हणून चौघींनी सकाळी आंघोळीच्या वेळी दगडाने टाचा घासघासून लाल केल्या होत्या. तपासणारी नर्स हसायला लागली.

"आजी, इतकं घासायला मी काय सोयरीक जुळवायला आलेय?"

"बघूक इलंस तर पाय तरी बरो दिसाक होयो," तारा म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, लातूरकडच्या. त्यांनी शालूआजीचा आकडा पाहिला आणि कपाळाला आठी घातली. वर्षभर दर आठवड्याला गोळी घेऊनही आकडा सुधारला तर नव्हताच, उलट खाली गेला होता. ही गोळी रविवारी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास ताठ बसायचं असतं. मीही तीच घेते. दर रविवारी गोळी घेऊन पेपर वाचत बसते आणि अर्धा तास झाला की शालूआजीला फोन करते. वर्षभर तिने मला "घेतली" असंच सांगितलं होतं.

"आजी, गोळी चुकत नाही ना?"

"नाही बाई. अजिबात चुकत नाही," शालूआजी म्हणाली. सरकारी खोलीत शिरली की तिची मालवणी जाते आणि ती पुस्तकातलं मराठी बोलते.

मागे बाकावरून तारा म्हणाली, "खरा सांगता ती. दर आयतवारी गोळी जाताच. गेल्या आयतवारी माजी पाळी होती."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुमची पाळी? म्हणजे?"

"आयतवारच्या गोळीची. ह्या आयतवारी शालू, मगे मी, मगे ही, मगे ती." ताराने दोघींकडे बोट केलं. त्या दोघींनीही आनंदाने माना हलवल्या. एक म्हणाली, "माका बरा वाटला हां. गुडघो दुखूचो थांबलो."

मला समजायला थोडा वेळ लागला. पाकिटात महिन्याच्या चार गोळ्या असतात. केंद्रातून घरोघरी फिरणारी आशाताई ते पाकीट शालूआजीच्या हातात देऊन जायची, आणि शालूआजी त्याचे चार घरांत चार वाटे करायची. वर्षभर तिने महिन्याला एकच गोळी घेतली होती. म्हणजे काहीच घेतलं नव्हतं.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा प्रसाद आहे का?"

शालूआजी खाली बघत होती, म्हणजे नेहमीच बघते तशी. मग तिचं पुस्तकी मराठी सुटलं. "एकटी कशी खांव, बाय? त्यो तिघी बघत बसतल्यो आणि मी गिळतलंय?"

त्यावर डॉक्टरीणबाई हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. इतर तिघींची टाच गेल्या वर्षी शालूआजीइतकी वाईट नव्हती, म्हणून त्यांना चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या आणि उन्हात बसायचा सल्ला एवढंच मिळालं होतं. गोळ्यांचा साठा सगळ्यांना पुरेल इतका येत नाही. त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून तर मला इंजेक्शन हवं होतं. ते एकीच्याच शिरेत जातं."

पण ते तितकं सोपं नव्हतं. आतल्या खोलीत इंजेक्शनची सलाईनसारखी बाटली टांगलेली बघून शालूआजी दारातच थांबली.

"ताराक पन देतलास मा?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ताराची टाच आजही तिच्यापेक्षा बरी आहे. शिवाय तिचा रक्ताचा रिपोर्ट अजून आलेला नाही, त्याशिवाय देता येत नाही. पुढच्या खेपेला तिचा विचार करू.

"बाटली मोठी आसा. अर्धी तिका लावा."

"असं चालत नाही, आजी."

"मगे माका पन नको."

ती जमिनीवर बसली. तिला बसायला किती वेळ लागतो आणि उठायला किती, हे मी आल्यापासून पाहत होते. मी तिला समजावलं, आवाज चढवला, ठाण्याहून एवढ्या लांब आले ते सांगितलं. ती उठेना. शेवटी तारा आत आली.

"ऊठ गो म्हातारे. माज्या हाडात चुनो कमी आसा काय? इतक्या वर्सां पानाबरोबर खातंय तो खंय गेलो? तू घे. तू मोडलंस तर माका संध्याकाळी भांडूक कोण?"

सगळा दवाखाना हसला. शालूआजीने हात पुढे केला आणि ताराने तिला उठवलं. बाटली संपेपर्यंत तारा खाटेशेजारी पान चघळत बसून होती. निघताना डॉक्टरीणबाईंनी शालूआजीला बजावलं: भरलेली बादली उचलायची नाही, कमरेतून वाकून काही ओढायचं नाही.

ताप

सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ताप आला. अंग इतकं दुखायला लागलं की शालूआजीला गोधडीचंही ओझं सोसेना. वाडीतल्या बायका येऊन बघून गेल्या. "चांगली चालती-बोलती होती, सरकारी इंजेक्शनान आडवी केली," असं एक जण माझ्यासमोरच म्हणाली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ताप उतरेल, गोळी द्या, पाणी पाजा.

तारा सकाळी पेज घेऊन आली, दुपारी आली, आणि तिन्हीसांजेला पुन्हा पेजेचा टोप घेऊन आली. शालूआजीने चार घास घेतले. उरलेली पेज आमच्याकडे काढून ठेवून तारा रिकामा टोप घेऊन निघाली. तिच्या घरापुढे चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत, आयुष्यभर चढलेल्या. मी खळ्यातून तिच्याकडे बघत होते. दुसऱ्या पायरीवर तिचा पाय जरासा सरकला आणि ती कुशीवर बसली. पडली असंही म्हणता येणार नाही. टोप मात्र खणखणत खालपर्यंत आला.

"काय झाला नाय, काय झाला नाय," ती म्हणत होती. पण तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि तो तिला हलवता येत नव्हता.

रुग्णवाहिका लवकर आली, हे सांगायला हवं. ती माणसं चांगली होती. त्यांनी ताराला एखादी काचेची वस्तू उचलावी तसं उचललं. वैशाली कारखान्यातून आली तशीच, हातांना काजूचा चीक, गाडीत चढली. घरात शालूआजी तापात विचारत होती, "कसलो आवाज इलो गो?" मी तिला सकाळपर्यंत सांगितलं नाही.

त्यानंतर

एक्स-रेत खुबा मोडलेला दिसला. ऑपरेशन करून सळी घालायला हवी होती. खर्च सरकारी योजनेतून होणार होता, तो प्रश्नच नव्हता. पण ऑपरेशन लांब, घाटावरच्या मोठ्या रुग्णालयात होणार आणि तिथे पेशंटजवळ रात्रंदिवस घरचं माणूस हवं. वैशाली गेली तर दोन लहान मुलांना कोण बघणार? सुरेश समुद्रात होता, त्याचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, मी जाते ताराबरोबर. वैशालीने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाली, "आजी, तुमकाच कोण तरी धरूक होया."

तेही खरंच होतं.

सुरेश आला तोवर ताराने स्वतःच निकाल लावला होता. "माका घाटावर टाकू नकात. घराक न्या." त्याने आईला घरी आणलं. डॉक्टरीणबाई स्वतः वाडीत आल्या, त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. तो वाईट मुलगा नाही. दाराच्या चौकटीला टेकून तो एवढंच म्हणाला, "बाई, थंय ऱ्हवतलो कोण? मी नाय गेलंय तर होडी दुसऱ्याक घेता."  त्यांनी वैशालीला कूस कशी बदलायची ते दाखवलं. दर थोड्या वेळाने बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, आणि खाटेवरची म्हातारी माणसं हाडाने नव्हे, त्या जखमांनी जातात, असं सांगितलं.  

ताराच्या पायाला पट्टी बांधून, पाय ताणलेला राहावा म्हणून खाटेच्या टोकाला एक वीट लटकवली. ताराने पान सोडलं. बोलते, पण आवाज आता तिच्या दारापलीकडे जात नाही.

शालूआजीचा ताप दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी ती उठून ताराकडे गेली आणि तेव्हापासून दिवसभर तिथेच. माझ्याशी कमी बोलायची. एकदाच म्हणाली, "ती बाटली अर्धी करून दिली आसती तर?" मी तिला सांगितलं की एका दिवसात काही फरक पडला नसता, इंजेक्शन असं चालत नाही. सगळं बरोबर, समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती.

निघण्याचा दिवस

सकाळी रिक्षा दारात आली. शालूआजी घरात नव्हती, म्हणून बॅग घेऊन ताराकडे निरोप घ्यायला गेले. वैशाली कामावर गेली होती, सुरेश पुन्हा समुद्रात. आत शालूआजी खाटेवर वाकली होती. दोन्ही हात ताराच्या कमरेखाली घालून तिला कुशीवर वळवू बघत होती. मोडून जुळलेलं मनगट पांढरं पडलं होतं.

"वन्सं!" मी ओरडलेच. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? बादलीसुद्धा उचलायची नाही."

तिने मान वळवली नाही. तिला ती वळवताही येत नाही. "तारा काय बादली आसा?"

"बादलीपेक्षा जड आसंय गो," तारा खालून म्हणाली.

"तू गप ऱ्हव. वैशाली सांजेक येतली. तवसर हिका कोण वळवतलो, वयनी?"

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी बॅग खाली ठेवली आणि पलीकडच्या बाजूने हात घातले. तारा खरंच जड होती. आम्ही दोघींनी मिळून म्हातारपणाच्या ताकदीने तिला कुशीवर केलं, पाठीमागे उशी लावली. ताराने डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने श्वास सोडला. शालूआजी खाटेची कड धरून, जेवढी सरळ होता येते तेवढी सरळ झाली.

"जा आता," ती मला म्हणाली. "गाडी चुकतली. माका दुपारी परत हिका वळवूची आसा."